'पूर्वाश्रमीचा मठ' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे. जर्मनीतल्या सालेमविषयीच्या एका अनुवादित मजकुरात 'हा राजवाडा म्हणजे पूर्वाश्रमीचा मठ' असं वाक्य आहे. पुढे '१८०३च्या धर्मनिरपेक्षीकरणात तो बाडेनच्या राजघराण्याकडे गेला' असंही लिहिलं आहे. हे दोन्ही शब्द चालतील का?

पहिला चालेल, पण त्यातली गंमत ओळखून. दुसरा मी खोडला असता.

पूर्वाश्रम म्हणजे आधीचा आश्रम. रूढ अर्थाने हा शब्द संन्याशाचा: दीक्षेआधीचं नाव, गाव, घरदार ते पूर्वाश्रमीचं. पुढे तो पसरला. लग्नाआधीचं नाव सांगताना 'पूर्वाश्रमीच्या अमुक' असं छापलं जातं, आणि पक्ष बदललेल्या पुढाऱ्यांमुळे या शब्दाला वर्तमानपत्रांत कधीच सुट्टी मिळत नाही. तेव्हा इमारतीला लावला म्हणून बिघडत नाही. फक्त इथे दिशा उलटी आहे. संन्यासी घर सोडून मठात जातो. सालेमच्या वास्तूने मठपण सोडून संसार मांडला. आपल्याकडे विठ्ठलपंत काशीहून आळंदीला परतले तो हा प्रकार. त्यांच्या मुलांना 'संन्याशाची पोरं' म्हणून काय सोसावं लागलं ते ठाऊक आहेच. हा उलटा प्रवास लेखकाला जाणूनबुजून सुचवायचा असेल तर शब्द फक्कड आहे. नसेल तर 'मूळचा मठ' म्हणावं.

'संन्याशाच्या लग्नाला शेंडीपासून तयारी' ही म्हण इथे आठवणारच, पण सालेमला ती लागू पडत नाही. १६९७च्या आगीनंतर तिथल्या सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मठ बरोक, म्हणजे तेव्हाच्या युरोपातल्या भपकेबाज, थाटात नव्याने बांधला होता. मठाधिपतीची दालनं, सम्राटाच्या नावाचं भव्य सभागृह, चुन्याच्या नक्षीकामाची छतं, सगळं हजर. राजघराण्याने नुसतं राहायला यायचं. दक्षिण जर्मनीतले मठ इतक्या सहज राजवाडे झाले याचं हे एक मोठं कारण असावं. शेंडी आधीच राखलेली होती!

पोर्तुगालमधल्या सिंत्रा इथे मात्र म्हण तंतोतंत खरी ठरते. तिथला पेनाचा मठ १७५५च्या भूकंपात मोडकळीला आला होता. राणी दुसऱ्या मारियाचा पती फर्डिनांड याने तो १८३८ साली विकत घेतला, जुनं प्रार्थनामंदिर आणि ओवऱ्यांचा चौक राखला आणि शेजारी नवा राजवाडा उठवला. आज मठाचा भाग लाल आणि नवा भाग पिवळा रंगवलेला आहे, त्यामुळे पूर्वाश्रम कुठे संपतो ते लांबूनही दिसतं.

आता 'धर्मनिरपेक्षीकरण'. या शब्दाने वाचकाला राज्यघटना आठवते, मठाची जमीन नाही. जर्मन इतिहासकार यासाठी दोन वेगळे शब्द वापरतात: समाजावरची धर्माची पकड सैल होणं ते 'झेक्युलारिझीरुंग', आणि चर्चची मालमत्ता सरकारने घेणं ते 'झेक्युलारिझात्सिओन'. १८०३ साली घडलं ते दुसरं. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा मुलूख फ्रान्सने गिळला. तिथे ज्यांच्या जहागिरी बुडाल्या त्या राजेरजवाड्यांना मोबदला म्हणून मठ आणि बिशपांची राज्यं वाटली गेली. २५ फेब्रुवारी १८०३ला रेगेन्सबुर्गमध्ये तसा ठराव झाला. याला मराठीत अस्सल शब्द आहे: खालसा. डलहौसीने सातारा आणि नागपूर खालसा केलं हे शाळेत वाचलेल्या माणसाला 'मठ खालसा झाला' हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कोणाचं गेलं, कोणी घेतलं, आणि घेताना कोणी विचारलं नाही, हे सगळं त्यात येतं. 'पूर्वाश्रमीचा'मध्ये नेमकं तेच येत नाही. संन्यास काय किंवा लग्न काय, तिथे माणूस निदान स्वतः पाऊल टाकतो.

त्याच रेगेन्सबुर्गमधला सेंट एमेरामचा मठ १८१२ साली थुर्न उंड टाक्सिस घराण्याला मिळाला, तोही मोबदला म्हणूनच. बव्हेरिया या दक्षिण जर्मनीतल्या राज्याने त्यांचा टपालाचा मक्ता काढून घेतला होता. टेगर्नझेचा मठ बव्हेरियाचा राजा माक्स योझेफ याने १८१७ साली उन्हाळ्यात राहण्यासाठी घेतला. तिथला बिअरचा कारखाना आजही त्याच वंशाकडे आहे. (अमरकोशात 'मठश्छात्रादिनिलयो' याच्या पुढचे शब्द 'गञ्जा तु मदिरागृहम्' असे आहेत. योगायोगच, पण टेगर्नझेला शोभतो.)

एक जोडप्रश्नही होता: 'मठ'ऐवजी 'कॉन्व्हेंट' लिहावं का? मराठीत नको. आपल्याकडे 'मुलगी कॉन्व्हेंटला आहे' म्हणजे इंग्रजी शाळेत आहे. पोर्तुगीज 'कोन्व्हेंतु' मात्र पुरुष साधूंच्या मठालाही म्हणतात, आणि गोव्यासंबंधीच्या मजकुरात तिथेच गफलत होते. पोर्तुगीज सरकारने १८३४ साली पुरुषांचे धर्मसंघ बंद केले, त्याची झळ गोव्यालाही लागली. दोना पावलाजवळच्या काबो टोकावर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. १९१८पासून तिथे गव्हर्नर जनरल राहू लागले आणि आज राज्यपाल राहतात. या वास्तूबद्दल 'पूर्वी इथे कॉन्व्हेंट होतं' असं लिहिलं, तर निम्मे वाचक तिथे गणवेशातल्या मुली शोधतील.