पहिल्यांदा महसीर (नदीतला मोठा, ताकदवान मासा) गळाने पकडायला जाताय? मग हे वाचाच

अरे भावा, रॉड-रील कितीही भारी घे पण गळाच्या टोकाचा उलटा काटा आधी पकडीने दाबून चपटा कर, महसीर पाण्यात परत सोडायचाच मासा आहे हे डोक्यात फिट असू दे. तो लागला की सरळ धारेत खडकांकडे पळतो आणि लाइन दगडावर घासून तुटते, माझी दोनदा तुटलीये, म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक) आधीच चेक कर. तोंडात दात दिसत नाहीत म्हणून घशात बोटं घालू नकोस, दात आत घशात असतात आणि शिंपले फोडायला असतात बरं का! हात ओले करूनच धर, उभा लटकवून फोटो नको, पाण्यातच आडवा धर आणि तोंड धारेकडे ठेव, शेपटी स्वतःहून झटकेपर्यंत सोडू नकोस. पावसाळ्यात अजिबात जाऊ नको, अंडी घालायचा सीझन असतो. कावेरीतला कुबडा महसीर तर 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे, त्याच्या नादी लागूच नको.

आणि नुसता बघायचाच असेल तर महाडजवळ वाळण कोंडीला (नदीतल्या डोहाला) जा, कुरमुरे टाकले की देवाचे मासे पायाशी येतात, तिथे गळ काढलास तर गावकरी तुलाच कोंडीत टाकतील 😄