छोट्या स्टॅकवर राजांची जोडी: लिंप की थेट ऑल-इन?

राम राम भाऊ. होल्डेम पोकरमधला तुमचा डाव आधी इथे मांडून घेतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नऊ जणांचं टेबल, ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांनी सक्तीने भरायची रक्कम, एक छोटा, एक मोठा) ५००-१०००, शिवाय मोठ्या ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने भरायची १००० ची अँटी. तुमच्याकडे ९५०० चिप्स, हाच तुमचा स्टॅक. सगळ्यांत आधी बोलायची पाळी तुमची आणि हातात इस्पिकचा राजा, किलवरचा राजा. 'पाखरं उडू नयेत' म्हणून तुम्ही नुसते १००० टाकले, म्हणजे लिंप केली. बटणवाला (छोट्या ब्लाइंडच्या लगेच आधीचा) आत आला, छोट्या ब्लाइंडने ५०० ची भर घातली, मोठ्याने चेक केलं (काही न भरता पाळी सोडली). फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पानांत) बदाम एक्का, बदाम नव्वी, चौकट छक्की. दोन्ही ब्लाइंडनी चेक केलं, तुम्ही उरलेले ८५०० ढकलले (ऑल-इन), मोठ्या ब्लाइंडने एक्का-चौकीवर कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले आणि तुम्ही उठून भरीत-भाकरीच्या पंगतीला. तुमचा प्रश्न: नशीब फुटकं की खेळ चुकला?

खेळ चुकला. आणि एकदा नाही, दोनदा.

पहिली चूक आपल्याकडची जुनी आहे. आखाजीच्या तीन पत्तीत ज्यांचा हात बसलाय, त्यांना मोठी पानं दाबून धरायची सवय असते. तिथे ते बरोबरच आहे. तीन पानं वाटली की वाटली, तुमच्या हातातला ट्रेल शोपर्यंत ट्रेलच राहतो, त्यामुळे जितके जण चाल देत राहतील तितका तुमचा फायदा. होल्डेममध्ये तुमच्या हातात सातातली दोनच पानं असतात. अजून पाच उघडी यायची आहेत आणि आत आलेल्या प्रत्येकाला त्या पाचांत वाटा आहे. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकते, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६. राजांचे आकडे ८२, ६९, ५८ असे उतरतात. तुम्ही तिघांना आत बोलावलंत, म्हणजे ५८ वर आलात.

यावर कोणी हुशार म्हणेल, चौघांच्या ढिगात ५८ टक्के म्हणजे उलट जास्त चिप्स झाल्या की! चौघांनी सगळ्या चिप्स मध्ये टाकल्या असत्या तर कबूल. पण त्यांनी टाकले फक्त हजार-हजार. पानं जुळली नाहीत तर ते हजारावर सुटतात, जुळली तर तुमचे ८५०० घेऊन जातात. स्वस्तात फ्लॉप दाखवण्यातला तोटा हा असतो.

आता तेच राजे घेऊन सुरुवातीलाच ऑल-इन गेलो असं धरा. सगळ्यांनी फोल्ड केलं (पानं टाकली) तरी मधले २५०० तुमचे. 'राजे आले आणि नुसते ब्लाइंडच मिळाले' अशी हळहळ ऐकू येते, पण ९५०० वर २५०० म्हणजे २६ टक्के वाढ, तीही पान न उघडता. कोणी कॉल केलाच, तर पहिल्या जागेवरच्या ऑल-इनला साधारण सत्तीपासून वरच्या जोड्या आणि एक्का-गुलामपासून वरची पानं उत्तर देतात. त्यांच्याविरुद्ध राजे ७० च्या आसपास जिंकतात. एक्का-चौकीवाल्याला मात्र १२००० च्या ढिगासाठी ८५०० मोजावे लागले असते, म्हणजे किमान ४१ टक्के तरी जिंकायला हवं. तेवढं त्याच्याकडे नाही, तो बहुधा पानं फेकतो. नाही फेकली तरी तुम्ही ७० ला पुढे. प्रत्यक्षात चिप्स मध्ये गेल्या तेव्हा तुमच्याकडे उरले होते साधारण ९ टक्के.

दुसरी चूक फ्लॉपवरची. मध्ये ५०००, तुमच्याकडे ८५००, समोर एक्का, आणि तिघे आत. तिथे ८५०० ढकलल्यावर तुमच्याहून खालचा जवळजवळ प्रत्येक हात पळतो आणि एक्केवाला तेवढा थांबतो. जाळं उलटं पडलं. तिथे चेक करायचं. कोणी जोर लावला आणि दुसऱ्याने त्याला साथ दिली, तर राजे सोडायचे. साडेआठ मोठ्या ब्लाइंडवर अजून खेळता येतं.

मग नेहमी ऑल-इनच का? दहा ब्लाइंडच्या खाली, कोणी आधी रेझ केलेलं (बोली वाढवलेली) नसेल तर, होय. २००० ची छोटी रेझ करून काय होतं ते पाहा. बटणवाल्याने तुम्हाला ऑल-इन केलं की मध्ये ५००, १०००, १०००, तुमचे २००० आणि त्याचे ९५०० असे १४००० होतात. तुम्हाला ७५०० भरायचे, म्हणजे ३५ टक्के जिंकण्याची शक्यता पुरे. एक्का-राजा असो की गुलामांची जोडी, तेवढी असतेच, त्यामुळे फोल्ड करताच येत नाही. जी पानं सोडता येणार नाहीत ती घेऊन अर्धवट आत जाण्यात अर्थ नाही: समोरच्याला ठरवायची संधी मिळते, तुम्हाला नाही. पंधरा ते पंचवीस ब्लाइंड असतील तर दुप्पट-सव्वादोनपट रेझ ठीक, पण सगळ्या पानांवर एकाच मापाची. एक्क्यांवर २०००, दश्शीच्या जोडीवर ३५०० असं केलंत तर दुसऱ्या फेरीत टेबल तुम्हाला वाचतं. दहा ते पंधराच्या मध्ये एखाद्याने आधीच रेझ केलेली असेल आणि तुमच्याकडे राणीची जोडी असेल, तर नुसता कॉल करू नका, वरून ऑल-इन. कॉल करून मागच्या दोघांना स्वस्तात बोलावणं ही तुमचीच चूक वेगळ्या कपड्यात.

दाबून धरणं कधीच नाही असंही नाही. छोट्या ब्लाइंडवर तुम्ही एक्के घेऊन बसलात, बाकी सगळे गेले, आणि मोठ्या ब्लाइंडवाला लिंप दिसली की तुटून पडणारा गडी आहे, तर खुशाल लिंप करा. तिथे समोर एकच माणूस आहे, मागून कोणी येणार नाही.

एक्का-राजाबद्दल वेगळं सांगतो, कारण छोट्या स्टॅकवर लोक यातच जास्त फसतात. ही जोडी नव्हे. फ्लॉपच्या तीन पानांत एक्का किंवा राजा साधारण तीनातून एकदा दिसतो, पाचही पानं पाहिली तर जवळपास ४९ टक्के वेळा. कॉल करून फ्लॉपवर सोडून दिलंत, तर पाचांतली दोन पानं फुकट घालवलीत. ऑल-इनमध्ये पाचही बघायला मिळतात. वर तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्यामुळे समोरच्याला एक्क्यांची जोडी मिळण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, राजांचेही तसेच. राणीच्या जोडीने गाठलं तरी ४३ टक्के उरतात. लहान स्टॅकला ते चालतं.

गुलाम आणि दश्शीच्या जोडीचं उलट. गुलामांवर फ्लॉपमध्ये एक तरी वरचं पान यायची शक्यता ५७ टक्के, दश्शीवर जवळपास ७०. म्हणून या जोड्या फ्लॉप 'बघायला' नेऊ नका. प्रत्येक वेळी राणी दिसली की पोटात गोळा येतो आणि खेळ बिघडतो.

तुम्ही पुढे विचारलंय, 'मग मोठ्या पानांची वाट बघत बसू का?' गणित करा. एका फेरीला २५०० जातात. ९५०० म्हणजे ३.८ फेऱ्या, नऊ जणांत साधारण ३४ डाव. (पोकर खेळाडू पॉल मॅग्रिएलच्या आडनावावरून ज्याला 'एम' म्हणतात, तो हाच ३.८.) राणी, राजे, एक्के यांची जोडी किंवा एक्का-राजा, यांतलं काही १३२६ पैकी ३४ प्रकारांत येतं, म्हणजे सरासरी ३९ डावांतून एकदा. वाट बघत बसलात तर सरासरीने पानं येण्याआधी चिप्स संपतात. आणि मधल्या काळात दोन-तीन ब्लाइंडवर घसरलात तर राजांवर दुप्पट होऊनही पाच-सहाच होतात आणि तुमच्या ऑल-इनला कोणी घाबरत नाही. टेबलावर पाच जण उरले तर तोच ३.८ फक्त १९ डाव टिकतो. म्हणून शेवटच्या जागांवरून, पुढे कोणी आलेलं नसताना, मधल्या जोड्या आणि कुठलाही बरा एक्का घेऊनही ढकलावं लागतं.

तुमच्या मळ्यातल्या स्पर्धेत पैसे नाहीत, वर्षभराची गुणतालिका आहे, ५०-३०-२० पहिल्या तिघांना. बरंच आहे, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदीच घातली. पण गुण असले तरी 'चौथा कोण' हा प्रश्न तसाच चावतो. चौघे उरले, सगळ्यांच्या चिप्स समान, तर प्रत्येकाची किंमत २५ गुण. एकाने ऑल-इन केलं आणि तुम्ही कॉल करून हरलात तर शून्य. जिंकलात तर दुप्पट चिप्स, पण गुणांची किंमत दुप्पट होत नाही, ती ३८.३ होते. २५ भागिले ३८.३, म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले तर ६५ टक्के जिंकायला हवं. समोरचा मोजूनमापून खेळणारा असेल तर तिथे एक्का-राजाही कॉल करण्याजोगा नाही. हे पचत नाही, पण आकडा तोच आहे. गंमत अशी की तेच एक्का-राजा घेऊन तुम्ही आधी ढकललंत, तर हीच ६५ टक्क्यांची अडचण त्याच्या गळ्यात पडते. समोरचा छोट्या ब्लाइंडवरून डोळे झाकून कुठलीही दोन पानं ढकलत असेल तर गुलामांची जोडी जरूर कॉल करा, तिथे ती ७७ ला पुढे असते.

राहिलं हाताळणीचं. पानं उचलण्याआधी आपल्या चिप्स मोजून ठेवा, उचलल्यावर मोजायला लागलात की सगळ्यांना कळतं. प्रत्येक डावात तेवढाच वेळ घ्या. आणि चिप्स सरकवण्याआधी 'ऑल-इन' तोंडाने बोला. न बोलता ५००० ची एकच चिप पुढे टाकलीत तर नियमाने तो १००० चा कॉल धरला जातो, मग राजे हातात असूनही बटणवाला, छोटा आणि मोठा, तिघेही पुन्हा आत.