पेटीवाला पहिल्या वाचनाला हवा

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ पुन्हा उभं करायचं की नवं संगीत नाटक लिहायचं, या घोळात तू आणि तुझी संस्था अडकली आहात. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तू लिहिलंयस की साथीला आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक वापरणार, पेटी-तबला परवडत नाही. अरे, खरा घोळ तिथेच आहे! जुनं की नवं ते नंतर बघू. पेटीवाला पहिल्या वाचनाला बसला असेल तर दोन्ही जमेल. तो रंगीत तालमीलाच उगवणार असेल, तर दोन्हींपैकी काहीच जमणार नाही.

ट्रॅकची लांबी ठरलेली असते, नटाचा दम ठरलेला नसतो. तिसऱ्या अंकात घसा बसला की पेटीवाला तानेची जागा स्वतः भरतो. नट अंतरा विसरला तर मुखड्यावर घोळवत त्याला वेळ देतो, आणि वन्समोअर आला की समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, पुन्हा उचलून देतो. ट्रॅक मात्र पुढे निघून जातो आणि नट त्याच्यामागे फरफटत राहतो.

आता ‘सौभद्रा’तलं सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ घे. आधीच्या गद्यातली शेवटची तीन वाक्यं बघ. पहिलं कोरडं जाऊ दे. दुसऱ्याखाली ऑर्गनचा (तोही पेटीवालाच वाजवतो) नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, भात्याला अगदी कमी हवा. तिसरं वाक्य बोलता बोलता सुभद्रेचा आवाज त्या षड्जावर टेकतो आणि त्याच श्वासात पद सुरू होतं. तबला लगेच नको. मुखडा एकदा होऊ दे, मग समेवर येऊ दे. बहुतेक ठिकाणी उलट होतं. गद्य संपतं, ऑर्गनवर चार आवर्तनांचा तुकडा वाजतो, सुभद्रा हात जुळवून उभी राहते, समोरच्या नटाला काय करावं कळत नाही आणि प्रेक्षक खोकायला लागतात. नाटक तिथे थांबतं आणि मैफल सुरू होते. जुन्या मंडळींच्या चाली लोकांनी जिवापाड जपल्या, पण पद उचलायचं कसं हे फारसं कुणी टिपून ठेवलं नाही, याची मला फार खंत वाटते. हे शेवटच्या दोन तालमींत बसत नाही. त्यासाठी पेटीवाल्याला गद्य पाठ हवं, म्हणून तो पहिल्या दिवसापासून हवा.

पट्टी, म्हणजे कोणाचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या सुरावर, तीही त्याच दिवशी ठरव. नटाला तानपुऱ्यापाशी बसवून ‘काळी दोन’ (पेटीची दुसरी काळी पट्टी) लिहून घेऊ नकोस. उभं राहून दोन पानं गद्य बोलायला लाव, मग गायला सांग. आणि शेवटच्या अंकातल्या पदावरून पट्टी धर, पहिल्या अंकातल्या नव्हे. द्वंद्वगीतात पुरुष काळी एक, बाई काळी चार अशी जोडी असली, तर तिचा षड्ज म्हणजे त्याचा पंचम. मधली पट्टी काढायचा मोह आवर: त्याला ती चढी होते, तिला खोल जाते. ज्याने त्याने आपल्याच पट्टीत गावं, बदलाच्या जागी पेटीवाल्याने दोन आवर्तनांत वाट करून द्यावी. तबला काळी चारला लावलास तर दोघांनाही चालतो. आणि तबला ऑर्गनला लाव, मोबाइलमधल्या तानपुऱ्याला नको. जुन्या ऑर्गनचा सूर त्याच्याशी जुळेलच असं नाही आणि ऑर्गन काही ऐन वेळी बदलता येत नाही.

काटछाटीचंही तेच. 1880 च्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती, आज तीन तासांत सगळं आटपायचं. कागदावर रेघा मारू नकोस. सगळं एकदा पेटीवर गाऊन घे. जिथे पात्राचं मन पालटतं ते पद ठेव, नुसती हकिकत सांगणारं गद्यात ने. साक्या-दिंड्या, म्हणजे त्या छोट्या वृत्तांतली पदं, मात्र सरसकट उडवू नकोस. त्या अर्ध्या मिनिटात होतात आणि प्रेक्षकाचा कान सुरात आणतात.

नवं नाटक करणार असलास तर लेखकाच्या शेजारी पेटीवाल्याची खुर्ची मांड. 1911 च्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी बांधल्या, आणि ते मुळात पेटीवाले! 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये भांडणच दोन गायकींचं आहे, पदं काढलीस तर कथाही उरत नाही. तुझ्या संहितेतलं पद काढूनही प्रवेश तसाच उभा राहत असेल, तर ते पद लिहूच नकोस. नव्या संहितेला प्रयोगाआधी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज वेळेत कर. ‘सौभद्र’ हक्कमुक्त आहे. ‘कट्यार’सारख्या नाटकाला लेखक आणि संगीतकार, दोघांच्याही वारसांची लेखी परवानगी लागते, कारण हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात.

पैशांचं रडगाणं मला सांगू नकोस. महाल-बागेचा सेट रद्द कर, दोन पडद्यांवर भागव आणि तेवढ्या पैशांत पेटीवाल्याला तालमींचीही नाइट, म्हणजे मानधन, दे. मला लोक हट्टी म्हणतात; म्हणोत. पडदा साधा होता म्हणून संगीत नाटक पडत नाही, पद उचललं गेलं नाही म्हणून पडतं.

कोकणातल्या पावसाळ्यात ऑर्गनच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि भाताही खराब होतो. प्रयोगाच्या आठ दिवस आधी एकेक पट्टी दाबून बघ, टेम्पोत तो उभाच बांध, आणि जोडीला एक पायपेटी नाहीतर हातपेटी ठेव. देवळाच्या उत्सवात पिट, म्हणजे रंगमंचापुढची साथीदारांची जागा, नसतो. तिथे साथीदारांना नटाचं तोंड दिसेल असं बसव, माइकच्या सोयीने विंगेमागे कोंबू नकोस.

वाचनाची तारीख कळव. पण आधी पेटीवाल्याला कधी जमतंय ते विचार, मग बाकीच्यांना.

तुझा,
काका