धावत्या वस्तूला 'जडत्व' कसं?

प्रश्न असा आहे: जड म्हणजे जागचं न हलणारं. मग धावती वस्तू धावतच राहते, त्यालाही 'गतीचं जडत्व' का म्हणतात? आणि हे जडत्व येतं कशामुळे?

घोळ 'जड'च्या अर्थाचा आहे. बोलताना आपण जड म्हणजे वजनदार म्हणतो. इथे मात्र 'जड आणि चेतन' या जोडीतला जड घ्यायचा: ज्याला स्वतःहून काही करता येत नाही तो. थांबलेला असेल तर आपणहून निघणार नाही, निघाला असेल तर आपणहून थांबणार नाही, वळणारही नाही. स्थितीचं आणि गतीचं जडत्व वेगळं नाहीच.

गंमत म्हणजे जडत्वाला इंग्रजीत जो 'इनर्शिया' शब्द आहे, त्या मूळ लॅटिन शब्दाचाही अर्थ निष्क्रियता, आळस. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो वापरला तेव्हा त्याच्या मते वस्तू मुळात थांबू पाहणारी होती. न्यूटनने 1687मध्ये शब्द तोच ठेवला, पण एकसारख्या सरळ गतीलाही त्यात घेतलं.

कॅरमचा स्ट्रायकर कोऱ्या बोर्डावर लवकर अडखळतो, बोरिक पावडर टाकली की सुळकन पलीकडे जातो. बोटाचा जोर तोच. कमी झालं ते घर्षण. म्हणजे कारण शोधायचं ते थांबण्याचं, चालत राहण्याचं नव्हे.

म्हणून 'जडत्वामुळे वस्तू चालत राहते' या वाक्यातला '-मुळे' मला खटकतो. जडत्व हे त्या वागण्याचं नाव आहे, ढकलणारं बळ नव्हे. 'ब्रेक लागताच प्रवासी पुढे फेकला गेला' हेही तसंच. फेकलं कुणीच नाही. बस मंदावली, तो आधीच्याच वेगाने जात राहिला.

जडत्व किती, हे वस्तुमानावरून ठरतं, वजनावरून नाही. अंतराळस्थानकात वजन जाणवत नाही, तरी अंतराळवीराचं वस्तुमान मोजता येतं: त्याला स्प्रिंगवर झुलवायचं, झोका जितका संथ तितकं वस्तुमान जास्त. पण वस्तुमान गतिबदलाला विरोध मुळात का करतं, याचं सर्वमान्य उत्तर भौतिकशास्त्राकडे अजून नाही. विश्वातल्या दूरच्या द्रव्यामुळे जडत्व येतं, असा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखचा विचार होता. तो सिद्ध झालेला नाही.

मराठी विश्वकोशात यासाठी 'निरूढी' असाही शब्द आहे. आहे ते धरून राहणं त्यात नेमकं येतं, वजनाचा गैरसमजही होत नाही. पण शाळेच्या पुस्तकात जडत्वच आहे, तेव्हा निरूढी आता रुळणं कठीण.