एकाच नमुन्याचे 46 आणि 31: बाईल ॲसिडचे दोन आकडे

तुमचा प्रश्न असा: 34 आठवड्यांच्या गरोदर बाई, अंगाला खाज, उर्सोडिऑक्सिकोलिकच्या (थोडक्यात उर्सो, हेही एक बाईल ॲसिडच) गोळ्या दोन आठवड्यांपासून चालू. तुमच्या ॲनालायझरवर एन्झाइम किटने टोटल बाईल ॲसिड (रक्तातली पित्ताची आम्लं, सगळी मिळून) 46 मायक्रोमोल प्रतिलिटर आलं. तोच नमुना बाहेर एलसी-एमएस/एमएसला (आधी कॉलममधून घटक वेगळे करून मग मास स्पेक्ट्रोमीटरवर वजनाने ओळखायची पद्धत) पाठवला तर टोटल 31. डॉक्टर विचारताहेत, गर्भारपणातल्या कोलेस्टॅसिसच्या (यकृतातून पित्त नीट न वाहण्याच्या) 40 या टप्प्याच्या वर धरायचं की खाली?

आधी तो बाहेरचा रिपोर्ट पुन्हा वाचा. तुम्ही उतरवून दिलेल्या तपशिलात 31 ही कोलिक, चिनोडिऑक्सिकोलिक, डिऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक या चार गटांची बेरीज आहे. उर्सोडिऑक्सिकोलिक 13, खाली वेगळ्या ओळीत. ते मिळवलं की 44 होतात. 46 आणि 44 यांत भांडण्यासारखं काही उरत नाही. गोळीतून रक्तात आलेलं ॲसिड तुमच्या किटने मोजलं, त्यांनी बाजूला काढून दाखवलं, एवढाच फरक.

किटला ते बाजूला काढता येतच नाही. त्यातलं थ्री-अल्फा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज रेणूच्या तिसऱ्या कार्बनवरचा अल्फा बाजूचा हायड्रॉक्सिल गट ओळखतं. तो कोलिकवर आहे, उर्सोवरही आहे. एन्झाइम ॲसिडचं ऑक्सिडीकरण करतं, त्यात किटमधल्या थायो-एनएडी या सहरसायनापासून थायो-एनएडीएच बनतं. किटमध्ये भरपूर घातलेलं एनएडीएच त्या ॲसिडला पुन्हा मूळ रूपात आणतं, आणि फेरा परत सुरू. दर फेऱ्याला थोडं थायो-एनएडीएच साठत जातं आणि 405 नॅनोमीटरला त्याच्या वाढीचा वेग वाचला जातो. वेग वाचत असल्यामुळे बिलिरुबिनचा (काविळीतल्या रंगद्रव्याचा) स्थिर पिवळेपणा फारसा आड येत नाही. एनएडीएचपासून फॉर्मॅझान हा रंग बनवून मोजायची जुनी पद्धत ज्यांनी वापरली आहे त्यांना याची किंमत कळेल. तिथे रक्तातलं एलडीएच हे एन्झाइमसुद्धा स्वतःच्या हिशेबाने एनएडीएच बनवायचं, आणि हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेला) नमुना आला की आकडा फुगायचा.

फेऱ्यांच्या पद्धतीतही एक मर्यादा राहतेच. सगळ्या ॲसिडांवर एन्झाइमचा वेग सारखा नसतो आणि कॅलिब्रेटर (ज्याच्याशी तुलना करून आकडा काढतात तो ठरावीक नमुना) साधारणपणे एकाच ॲसिडचा असतो. म्हणून दोन किटांत थोडा फरक पडतो, आणि म्हणूनच एका पेशंटचे पुढचे नमुने शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर लावावेत.

मास स्पेक्ट्रोमीटर वजनावरून ओळखतो, पण इथे वजन पुरत नाही. चिनोडिऑक्सिकोलिक, डिऑक्सिकोलिक आणि उर्सोडिऑक्सिकोलिक या तिघांचं वजन एकच, ऋण आयन 391 वर. त्यांना वेगळं करण्याचं काम कॉलम करतो. त्यामुळे अशा लॅबची पारख करायची असेल तर मशीनचं मॉडेल विचारू नका. या तिघांचे पीक (आलेखावरची शिखरं) नीट सुटे दिसतात का आणि ड्युटेरियमवाले (जड हायड्रोजन घातलेले) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यात मिसळायची ॲसिडं, किती वापरता, हे विचारा. पीक एकमेकांत मिसळत असतील तर तो महागडा रिपोर्ट तुमच्या किटपेक्षा जास्त दिशाभूल करेल.

आता डॉक्टरांना काय सांगायचं? गर्भारपणातल्या कोलेस्टॅसिसचे 19, 40 आणि 100 हे टप्पे टोटलवर उभे आहेत, एकेका ॲसिडवर नाहीत. म्हणून निर्णयासाठी 46 धरा. सोबत हेही सांगा की त्यातला साधारण पाव हिस्सा औषधाचा आहे. 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात, पोटात एकच बाळ असलेल्या बायकांमध्ये मृतजन्माचं प्रमाण 40 च्या खाली 0.13 टक्के, 40 ते 99 मध्ये 0.28 टक्के आणि 100 किंवा जास्त असताना 3.44 टक्के होतं. मोठी उडी 100 ला आहे. त्यामुळे आज 31 की 46 यावर घरच्यांची झोप उडवू नये. दर आठवड्याला तपासून आकडा कुठे चाललाय ते बघावं. नमुना उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, तेही प्रत्येक वेळी लिहा, कारण जेवणानंतर पित्ताशय रिकामं झालं की आकडा चढतो.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात: जीसी-एमएस (वायुरूपात वेगळं करून वजनाने ओळखणं) सुंदर, पण आधी ॲसिडांची जोडरूपं तोडा, मग त्यांचे वाफ होऊ शकणारे डेरिव्हेटिव्ह बनवा, त्यात दिवस जातो. साध्या यूव्ही डिटेक्टरवर ही ॲसिडं जेमतेम दिसतात. लघवीवर गंधकाची पूड टाकून ती बुडते का बघायची, ती ‘हे’ज टेस्ट’ (Hay's test) आपण सगळ्यांनी कॉलेजात केली आहे. तिने पित्तक्षार आहेत एवढंच कळतं.

एका ठिकाणी मात्र एन्झाइम किटवर विसंबू नका, आणि हे मी कळकळीने सांगतेय. काविळीचं तान्हं बाळ, डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं, जीजीटी (यकृताचं एक एन्झाइम) नॉर्मल, आणि टोटल बाईल ॲसिड अगदी कमी. असा रिपोर्ट पहिल्यांदा समोर आला तेव्हा नमुना बदलला असेल म्हणून मी तो पुन्हा लावला. आकडा तोच. कोलेस्टॅसिसमध्ये बाईल ॲसिड वाढायला हवं. ते कमी आहे म्हणजे यकृत ते नीट बनवतच नसेल, ही शंका तिथेच यायला हवी. बाईल ॲसिड बनवण्यात लागणाऱ्या थ्री-बीटा एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेत जी चुकीची ॲसिडं बनतात त्यांचा हायड्रॉक्सिल बीटा बाजूला असतो, शिवाय बरीचशी सल्फेट होऊन लघवीत जातात. आपलं एन्झाइम त्यांना पाहूच शकत नाही. लघवीची मास स्पेक्ट्रोमेट्री त्यांना पकडते, आणि तोंडाने कोलिक ॲसिड वेळेवर सुरू झालं तर हा आजार आटोक्यात येतो. अशा बाळाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि उर्सो सुरू होण्याआधीची लघवी डीप फ्रीजरमध्ये ठेवा, कारण औषध एकदा सुरू झालं की तोच उर्सो तिथेही चित्र गढूळ करतो.