ज्यूरी देते तो कौल

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'ज्यूरी नलिफिकेशन'ला मराठीत 'ज्यूरीकृत कायदा-रद्दीकरण' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'ज्यूरीने कायदा रद्द केला', 'ज्यूरीने माफी दिली' हे वाचून वाचून मी वैतागलो आहे. कायदा रद्द करते संसद. माफीत गुन्हा गृहीत असतो. नलिफिकेशनमध्ये ज्यूरी, म्हणजे खटला ऐकायला बसवलेले सामान्य नागरिक, फक्त 'दोषी नाही' म्हणते. पुरावा ढळढळीत असला, तरी कायदाच जाचक वाटतो म्हणून तसं म्हणते. कायदा जागच्या जागी राहतो, समोरचा माणूस सुटतो.

'निकाल'ही नको. निकाल न्यायाधीशाचा, तो कारणांसकट येतो. ज्यूरी देते तो कौल! 'व्हर्डिक्ट'च्या मुळाशी लॅटिन 'वेरे डिक्टुम' आहे, म्हणजे 'खरं बोललेलं'. आणि कौल हा अरबी 'क़ौल', म्हणजे बोल, उच्चारलेला शब्द. दोन्हींच्या पोटात बोलणंच. अभयाचा कौल, कौलनामा, मतदारांचा कौल, सगळीकडे तोच. (छपरावरचं कौल नपुंसकलिंगी, ते वेगळं.) भाषाशुद्धीवाले याला परका ठरवतात. मग कोकणातल्या देवळांत देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून लावतात ते काय? उजवी पाकळी पडली की कौल मिळाला. देवाला कारण कोणी विचारत नाही. ज्यूरीचं बळही नेमकं यातच आहे.

ते बळ पक्कं झालं लंडनमध्ये. १६७० साली विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या दोघांवर बेकायदा जमावाचा खटला झाला. ज्यूरीने पेनबद्दल आधी सांगितलं, 'ग्रेसचर्च स्ट्रीटमध्ये बोलल्याबद्दल दोषी', एवढंच! 'बेकायदा जमाव' हे शब्द उच्चारायला तयारच नाहीत. त्यांना अन्नपाण्याविना कोंडलं. शेवटी त्यांनी दोघांनाही निर्दोष म्हटलं. मग ज्यूरीतल्याच प्रत्येकाला ४० मार्क दंड झाला. त्यांच्यातला एडवर्ड बुशेल तो न भरता तुरुंगात बसला, वरच्या न्यायालयात गेला, आणि मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवलं की दिलेल्या कौलाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही.

ज्यूरी नलिफिकेशनचं भारतातलं उदाहरण म्हणून काही जाणकार नौदल अधिकारी नानावटींवरच्या खून खटल्याचा दाखला देतात. तो साफ चुकीचा आहे. खुनाचा कायदा कोणाला जाचक वाटत होता? शिवाय १९५९चा तो 'दोषी नाही' असा ८ विरुद्ध १ कौल न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे धाडला आणि तिथे तो टिकला नाही. पाकळी पडल्यावर पुजाऱ्याला ती उचलून परत लावता येत असेल, तर त्याला मी कौल म्हणणार नाही.