ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) सगळ्यांना एकच, मग निवृत्त हवालदार आणि कर्नल यांच्या तब्येतीत एवढा फरक का?

"जवान निवृत्तीनंतर स्वतःकडे लक्षच देत नाहीत, म्हणून ना?" असं तुम्ही प्रश्नातच घालून ठेवलंय. मेसमध्ये ऐकलेलं वाक्य आहे हे, आणि चुकीचं आहे.

कर्नल चोपन्नच्या आसपास बाहेर पडतो, हवालदार चाळिशीत. नोकरीत दरवर्षी मेडिकल सक्तीचं असतं. हवालदाराचं ते बंद होतं आणि तो सोसायटीच्या गेटवर बारा तासांच्या नाइट ड्यूटीला उभा राहतो. बीपी-शुगर सुरू व्हायचं नेमकं तेच वय. त्याच वयाच्या साहेबांचं बीपी अजून दरवर्षी सरकार मोजतंय. लक्ष कोण देत नाही?

ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून आहे. वर्गणी एकदाच: हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओंना (सुभेदार वगैरे) ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये, १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना माफ. वॉर्ड हुद्द्याप्रमाणे जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट. वॉर्डावरून मी भांडणार नाही, स्टेंट तिन्हीकडे तोच बसतो. खरी गोम अंतरात आणि कागदात आहे.

पाटणच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीतला निवृत्त हवालदार घ्या. रात्री दोनला छातीत दुखतंय. ईसीएचएसच्या पॅनेलवरचं हॉस्पिटल लांब, म्हणून पोरगा जीप काढून जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो. बरोबरच करतो, इमर्जन्सीत कुठेही जाता येतं. पण तिथे पैसे आधी भरावे लागतात, कार्ड चालत नाही. शिवाय ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, कळवायचं असतं. घरचे आयसीयूबाहेर बसलेले, कार्ड घरी ट्रंकेत. कळवायचं राहून जातं आणि क्लेम तिथेच अडकतो. कळवलं, तरी परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने. वरचा फरक खिशातून.

डिस्चार्ज घेतानाच मागून घ्यायचं ते असं: इमर्जन्सी असल्याचं डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट, बाबवार बिल (नुसतं "पॅकेज १,८०,०००" लिहिलेलं परत येतं), डिस्चार्ज समरी, पैसे भरल्याच्या मूळ पावत्या, आणि स्टेंट बसवला असेल तर त्याच्या वेष्टनावरचं नंबराचं स्टिकर. हे स्टिकर केस पेपरला चिकटवलेलं असतं किंवा कचऱ्यात गेलेलं असतं. महिन्याभराने मागायला गेलं की मिळत नाही. पुण्यात स्थायिक झालेल्या कर्नलसाहेबांना यातलं बहुतेक काही लागत नाही. पॅनेलवरचं हॉस्पिटल घराजवळ, बिल परस्पर जातं.

ठरवून करायच्या उपचारांतही हेच. आधी पॉलिक्लिनिकचा रेफरल, मग हॉस्पिटल, म्हणजे दोन खेपा आणि दोन दिवसांची मजुरी. गोळीपुढे "एनए" (म्हणजे उपलब्ध नाही) लिहून मिळालं तर आणखी एक खेप. बीपीची गोळी महिनाभर तुटते ती अशी, आळसाने नाही.

आता कानांचं. तोफखान्यातल्या माणसाच्या कानात शिट्टी वाजत असते, पण मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशन अडकेल म्हणून तो नोकरीभर "सब ठीक है साब" म्हणतो. निघतानाच्या मेडिकललाही तेच म्हणतो, कारण घरी जायची घाई. पाच वर्षांनी ऐकू येईनासं झालं आणि अपंगत्व पेन्शन मागायला गेलं की नोंद शून्य. धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये म्हटलंय की भरतीवेळी नोंद नसलेला आजार नोकरीमुळे झाला असं धरायचं, तो तसा नाही हे दाखवायची जबाबदारी सैन्याची. पण आजार नोकरीत असतानाच कुठे तरी लिहिला गेलेला हवा ना!

सगळेच अधिकारी सुखात आहेत असं नाही, आणि शहरात राहणाऱ्या जवानाचं बरंच सोपं जातं, हेही खरं. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला तर पेन्शन नाही, ईसीएचएसही नाही. त्याच्यासाठी ईसीएचएसबद्दलचं वरचं सगळं गैरलागू.

तुमच्या ओळखीतलं कुणी येत्या वर्षात निघणार असेल तर त्याला सांगा: ऑडिओग्राम (कानांची तपासणी) मागून करून घे, मेडिकलच्या कागदांची प्रत घे, आणि "सब ठीक" म्हणू नकोस.